बोलका प्लग

रात्री घरातले सगळे झोपले की एकदा हळूच हॉलमध्ये येऊन बघा. दिवे बंद, पंखा बंद, टीव्ही बंद. पण टीव्हीखालच्या सेट टॉप बॉक्सचा तो इवलासा लाल दिवा? तो टक्क जागा! म्हणजे हे महाशय झोपेचं सोंग घेऊन वीज खातात. पण किती खातात?

बाबा म्हणतील, "असून असून किती असणार!" आई म्हणेल, "म्हणूनच बिल एवढं येतं!" खरं कुणाचं? वाद घालण्यापेक्षा मोजून पाहिलेलं बरं, नाही का?

अंधेरी-बोरिवलीकडच्या बऱ्याच घरांत अदानीचं बिल येतं. आजोबा अजूनही त्याला 'बीएसईएसचं बिल' म्हणत असतील, कारण १९२९ साली सुरू झालेल्या त्या कंपनीने उपनगरांना वर्षानुवर्षं वीज पुरवली. मुलुंडला महावितरणचं बिल येतं. नाव कुठलंही असो, हिशोब एकच. १००० वॅटचं उपकरण १ तास चाललं, की १ युनिट. पण बिलात सगळ्या घराचा मिळून एकच आकडा असतो. कुणी किती वीज खाल्ली, ते सांगतो वीज मोजणारा स्मार्ट प्लग.

पोटात दडलंय काय?

हा प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसवायचा आणि उपकरणाची पिन त्याच्यात खोचायची. त्याच्या पोटात तीन गोष्टी असतात. वीज चालू-बंद करणारा रिले (टक् असा आवाज येतो तो याचाच!), वीज मोजणारी चिप आणि वाय-फाय. मोबाइलच्या ॲपवरून तो चालतोच. पण ॲप कंपनीने ठरवलं तेवढंच करतं. आपल्या मनासारखं करून घ्यायचं, तर त्याच्याशी बोलायची भाषा हवी. ती म्हणजे पायथन!

पायथन म्हणजे अजगर नव्हे, बरं का! नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये ही संगणकाची भाषा जगापुढे आणली आणि 'मॉन्टी पायथन' या विनोदी कार्यक्रमावरून तिचं नाव ठेवलं. गंमत म्हणजे आजच्या पायथनमध्ये आकडा साठवायच्या डबीला चक्क देवनागरीत 'वॅट' असं नाव देता येतं! भाषेचे स्वतःचे आज्ञाशब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात.

काही प्लगशी बोलण्यासाठी तयार, मोफत लायब्ररी मिळते. टीपी-लिंकच्या कासा प्लगसाठी 'पायथन-कासा' आहे. आपला प्रोग्रॅम एवढाच:

१. घरच्या वाय-फायवर प्लग शोध.
२. किती वॅट, ते विचार.
३. वेळ आणि वॅट फाइलमध्ये लिही.
४. एक मिनिट थांब आणि पुन्हा पायरी २ वर जा.

समजा, बॉक्स दिवसरात्र १० वॅट खातोय. दिवसाला २४० वॅट-तास, म्हणजे ३० दिवसांत ७.२ युनिट! टीव्ही रोज ४ तासच बघत असाल आणि उरलेले २० तास प्लग बंद ठेवलात, तर त्यातली ६ युनिट वाचतील. तुमच्या घरचा आकडा वेगळा येईल. म्हणून तर मोजायचं!

पण जरा जपून!

आता 'वॅट कमी झाले की बंद कर' अशी आज्ञा जोडाल. पण हाच प्रोग्रॅम फ्रीजला लावलात तर? फ्रीजचा कॉम्प्रेसर मधूनमधून विश्रांती घेतो. प्रोग्रॅमला वाटेल, काम संपलं. टक्! सकाळी दूध नासलेलं. आणि वाय-फायच्या राउटरचाच प्लग बंद केलात, तर 'चालू हो' हा निरोप पोचणार कसा? बसलेली फांदीच तोडलीत की! आजारी माणसाच्या यंत्राला तर हा खेळ कधीच लावू नका. गीझरसारखं २००० वॅटचं उपकरणही साध्या प्लगला जोडायचं नाही. प्लगवर किती अँपियर लिहिलेत, ते आईबाबांसोबत आधी वाचा.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी स्मार्ट प्लगही मुकाच! वीज परत आल्यावर काही प्लग आपोआप चालू होतात, काही बंदच राहतात. आपला कसा वागतो, ते आधीच तपासून ठेवा.

आणखी एक. ती फाइल नीट बघा. टीव्ही कधी लागला, घर कधी रिकामं होतं, सगळं त्यात लिहिलेलं आहे! ती तुमच्या घराची रोजनिशीच. ती कुणालाही पाठवू नका, वाय-फायचा पासवर्डही सांगत सुटू नका.

मग करणार ना सुरुवात? आधी आठवडाभर नुसतं मोजा, काही बंद करू नका. रविवारी सगळ्यांना बसवून आकडे वाचून दाखवा. आई जिंकते की बाबा, ते तुमचा प्लगच सांगेल!