लक्ष्मीपूजनाच्या ताटातला रुमानियन सिंह

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला चौरंगावर जे ताट मांडतात, त्यात दहा राणीछाप रुपये असतात आणि एक नाणे रुमानियाचे असते. फराळाला येणाऱ्या मंडळींना याचे नवल वाटते. हळदीकुंकू वाहताना त्यांचा हात जरा थबकतो. कारण या अकराव्या नाण्यावर राजा नाही, राणी नाही, देवही नाही. चक्क तेल शुद्ध करण्याचा कारखाना आहे! त्यावर ‘३ लेई’ असे लिहिलेले आहे आणि १९६३ हे साल आहे.

हे नाणे आले ते आमच्या आप्पाकाकांबरोबर. आसामात गुवाहाटीजवळ नूनमाटीला सरकारी मालकीचा देशातला पहिला तेलशुद्धीकरण कारखाना रुमानियाच्या मदतीने उभा राहिला आणि १ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. आप्पाकाका तेथे ड्राफ्ट्समन होते. पुण्याहून निघताना आजीने लक्ष्मीच्या डब्यातल्या अकरा रुपयांतला एक काढून त्यांच्या हातावर ठेवला होता. “इतक्या लांब चालला आहेस. जवळ चांदी असू दे,” म्हणाली होती.

१९६५ च्या दिवाळीत काका रजेवर आले, तेव्हा तो रुपया त्यांच्यापाशी नव्हता. एका रुमानियन फोरमनशी त्यांची गट्टी जमली होती. त्याला जुन्या नाण्यांचा शौक. काकांनी त्याला राणीचा रुपया दिला आणि त्याने काकांना हे तीन लेईंचे नाणे दिले. लेउ म्हणजे काय, असे काकांनी विचारले, तर त्या गृहस्थाला इंग्रजी शब्द सापडेना. शेवटी त्याने भर कॅन्टीनमध्ये दोन्ही हातांचे पंजे करून डरकाळी फोडली. लेउ म्हणजे सिंह!

आम्हां मुलांना ही गोष्ट फार आवडली. आजीला मुळीच आवडली नाही. ती ते नाणे घेऊन तडक सराफाकडे गेली. त्याने लोहचुंबक लावला, नाणे टपकन चिकटले. वर निकेलचा पत्रा आणि आत पोलाद. “तोळाभर चांदी देऊन लोखंड आणलेस रे, आप्पा!” असे म्हणून आजी जी देवघरात गेली, ती रात्रीपर्यंत काकांशी बोलली नाही. काका पुटपुटत होते, “आई, अगं, सिंह आहे तो.” मी नाणे उलटसुलट करून पाहिले. सिंह कुठेच नव्हता.

तो सिंह शोधता शोधता मला नाण्यांचा नाद लागला.

तर हा सिंह रुमानियाचा नव्हेच. तो हॉलंडचा. १५७५ साली, स्पेनविरुद्ध बंड करून उठलेल्या हॉलंडने एक मोठे चांदीचे नाणे काढले. त्याच्या एका बाजूला ढालीआड उभा सरदार आणि दुसऱ्या बाजूला मागच्या पायांवर उभा सिंह. त्यात चांदी जरा कमीच घातलेली असे. अर्थात परदेशी व्यापाराला ते सोयीचे पडले आणि डच व्यापाऱ्यांनी ते पूर्वेकडच्या तुर्की मुलखात पोतीच्या पोती ओतले. अरबी बाजारांतल्या लोकांना तो सिंह काही ओळखता आला नाही. झिजलेल्या नाण्यावरचे ते जनावर पाहून त्यांनी त्याला कुत्र्याचे नाणे ठरवले. डॅन्यूबच्या उत्तरेकडे मोल्डाव्हिया आणि वालाकिया ही दोन संस्थाने होती. सुलतानाला खंडणी भरून तेथले राजे राज्य करीत. त्या लोकांना मात्र सिंह सिंहासारखाच दिसला आणि त्यांनी नाण्याला नाव दिले ‘लेउ’. अनेक झाले म्हणजे ‘लेई’.

पुढे गंमत अशी झाली की, डच नाणी हळूहळू बाजारातून नाहीशी झाली, पण लेउ हे नाव राहिले. सौदा ठरायचा लेईंत, वह्या लिहायच्या लेईंत, आणि लेउ नावाचे नाणे कोणाच्या खिशात नाही! प्रत्यक्षात चुकते करायचे ते तुर्की, ऑस्ट्रियन, रशियन अशा मिळतील त्या नाण्यांत. मग कोणत्या नाण्याचे किती लेई हे ठरवणारा माणूस आलाच. त्याला रुमानियन भाषेत काय म्हणतात? ‘झराफ’. अरबीतून तुर्कीत आणि तुर्कीतून रुमानियनमध्ये गेलेला हा शब्द म्हणजे आपला सराफच. आजीने नाणे ज्याच्याकडे नेले, तो आणि बुखारेस्टच्या बाजारात चौरंग मांडून बसणारा, दोघे एका नावाचे.

आपल्या नाण्यावर परक्याची खूण, हे या भूमीत फार जुने आहे. इसवी सनापूर्वी तेथे डेशियन लोक राहत. त्यांच्या डोंगरातल्या राजधानीच्या परिसरात एक सोन्याचे नाणे सापडते. त्यावर ग्रीक अक्षरांत ‘कोसोन’ असे नाव आहे. चित्र मात्र रोमन, तिघे रोमन पुरुष ओळीने चालले आहेत. मागे गरुड, एका पंज्यात माळ धरलेला. नाव ग्रीक लिपीत, चित्र रोमचे आणि जमीन डेशियनांची! हा कोसोन कोण, यावर पंडितांचे वाद आजही चालू आहेत. १९९० नंतर चोरट्यांनी धातुशोधक यंत्रे घेऊन ते डोंगर पोखरले आणि कितीतरी सोने परदेशी विकले; त्यातले काही सरकारने महत्प्रयासाने परत मिळवले.

मधल्या काळात स्वतःची नाणी निघालीच नाहीत असे नाही. १३६५ च्या सुमारास वालाकियाच्या व्लादिस्लाव राजाने चांदीची नाणी पाडली आणि थोड्याच वर्षांत मोल्डाव्हियाच्या पेत्रू राजाने आपल्या नाण्यावर रानबैलाचे मस्तक घातले. पण तुर्की वर्चस्व वाढले आणि टाकसाळी थंड पडल्या. मग १७७१ ते १७७४ या काळात तुर्कांशी लढणाऱ्या रशियाने या दोन संस्थानांसाठी नाणी पाडली, ती कशाची? तर तुर्कांकडून जिंकून घेतलेल्या तोफा वितळवून! कालपर्यंत गोळा टाकणारी तोफ आज भाजीवालीच्या हातात, असा तो प्रकार होता.

१८५९ साली ही दोन संस्थाने आलेक्सांद्रू कुझा या एकाच राजाखाली आली. त्यालाही स्वतःचे नाणे हवे होते. त्याने ‘रोमानात’ असे नावही योजले होते, पण ते साधले नाही. १८६६ साली त्याला गादी सोडावी लागली आणि जर्मनीच्या होहेन्झोलर्न घराण्यातला कारोल हा तरुण राजकुमार नेमला गेला. ऑस्ट्रियाचा विरोध असल्यामुळे हा भावी राजा खोट्या नावाने, आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाने, ऑस्ट्रियाच्याच मुलखातून आपल्या राज्यात पोहोचला!

२२ एप्रिल १८६७ रोजी कायदा झाला आणि कित्येक वर्षे नुसत्या वहीत नांदलेला लेउ खरोखरीचे चलन झाला. एका लेउचे शंभर बानी. वजन फ्रान्सच्या फ्रँकबरोबरीचे, म्हणजे पाच ग्रॅम चांदी. देशात टाकसाळ नव्हती, म्हणून तांब्याचे पहिले बानी इंग्लंडात बर्मिंगहॅमला पाडून आणले. त्यांवर राजाचा चेहरा नव्हता. नाणे पाडणे म्हणजे राज्य असणे, हे शिवराई पाहिलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. सुलतानालाही ते चांगले कळत होते.

१८७० साली बुखारेस्टला टाकसाळ निघाली. सोन्याचे वीस लेई आणि चांदीचा एक लेउ पाडला गेला. त्यांवर कारोलचा चेहरा होता आणि लेख होता, ‘कारोल पहिला, रुमानियनांचा स्वामी’. झाले! सुलतान रागावला, कारण मांडलिकाने आपला चेहरा नाण्यावर घालावा म्हणजे काय? आणि व्हिएन्नाही रागावली. तिचा राग चेहऱ्यावर नव्हता, ‘रुमानियनांचा’ या एका शब्दावर होता. कारण ट्रान्सिल्व्हानियातले लाखो रुमानियन तिच्या साम्राज्यात राहत होते. त्यांचाही स्वामी हाच की काय? पुढे काही वर्षे जी चांदीची नाणी निघाली, त्यांवर राजाचा चेहरा नाही. नुसते राजचिन्ह.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत हृद्य वाटतात ती ही बिनचेहऱ्याची नाणी. १८७७ साली रुमानियाने स्वातंत्र्य जाहीर केले, तुर्कांशी युद्ध झाले, १८७८ च्या बर्लिन तहाने स्वातंत्र्य मान्य झाले आणि लगेच चेहरा नाण्यावर परतला. १८८० च्या पाच लेईंवर पाहा. लेख आहे, ‘कारोल पहिला, रुमानियाचा स्वामी’. ‘रुमानियनांचा’ नव्हे, ‘रुमानियाचा’. तेवढे मात्र व्हिएन्नाला दिले. पुढच्याच वर्षी ‘स्वामी’ जाऊन ‘राजा’ आला.

त्यानंतरची तीसेक वर्षे लेउचे भाग्य उजळले. लेउ सोन्याला बांधला गेला. सरकारी कर सोन्यात भरायचा; आणि देशातले सोने पुरेना, म्हणून फ्रान्सची वीस फ्रँकची मोहोर चाले, तुर्की लिरा चाले, आणि आपल्या आयाबायांच्या माळेतली इंग्रजी गिनीदेखील चाले. एका गिनीचे २५ लेई आणि २२ बानी.

पहिल्या महायुद्धात जर्मन फौजा आत घुसल्या, तेव्हा राष्ट्रीय बँकेने आपले ९१ टनांहून अधिक सोने १९१६ आणि १९१७ साली सुरक्षित राहावे म्हणून मॉस्कोला पाठवले. त्यातला बराच भाग नाण्यांचाच होता. तिकडे क्रांती झाली. काही कलावस्तू १९३५ आणि १९५६ साली परत आल्या, सोने आले नाही. २०२४ साली युरोपीय संसदेनेही ते परत करण्याची मागणी केली. शेजाऱ्याकडे ठेवायला दिलेल्या दागिन्यांची गोष्ट प्रत्येक घरात एखादी असते; ही एका देशाची.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर आकाशच फाटले. १९४६ साली एक लाख लेईंचे चांदीचे नाणे निघाले आणि १९४७ साली पन्नास लाख लेईंची नोट! १५ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे आपण झेंडा फडकावत होतो त्याच दिवशी, तेथे जुन्या २०,००० लेईंचा एक नवा लेउ झाला. बदलून किती घ्यायचे यालाही मर्यादा घातलेली. जानेवारी १९५२ मध्ये पुन्हा तेच. या वेळी पगार आणि किंमती २० ला १ या दराने बदलल्या आणि घरात साठवलेली रोकड ४०० ला १ या दराने. ज्या गृहिणीने डाळीच्या डब्यात नोटा जपल्या होत्या, तिचे काय झाले असेल, ते वाचकभगिनींना मी सांगत नाही.

पण त्या लाखाच्या नाण्याचा हिशेब पाहा. कायद्याने त्याचे मोल १९४७ साली पाच लेई झाले, आणि त्या साली पाच लेईंचे नाणे होते अ‍ॅल्युमिनियमचे. १९५२ साली रोकडीच्या दराने त्याचा सव्वा बान झाला. मात्र ज्याने ते नाणे बदललेच नाही, त्याच्यापाशी २५ ग्रॅमचे नाणे राहिले, दहांत सात भाग चांदीचे. हे वाचले, तेव्हा मला आजीची आठवण झाली.

साम्यवादी राजवटीतली नाणी मला आवडतात, कारण ती विचित्र आहेत. १५ बानींचे नाणे, ३ लेईंचे नाणे! आपल्याकडेही १९६४ साली तीन पैशांचे षट्कोनी नाणे निघालेच होते म्हणा. आणि आमच्या ताटातल्या नाण्यावर देशाचे नाव जरा वेगळे लिहिले आहे. १९५३ च्या शुद्धलेखन-सुधारणेत रोमची आठवण देणारे ‘ए’ अक्षर देशाच्या नावातून काढून तेथे टोपीवाला ‘आय’ बसवला गेला. १९६४-६५ च्या सुमारास ‘ए’ परतला. १९६६ च्या तीन लेईंवर तो दिसतो. १९६२ साली मराठीतले अनुस्वार उडाले, तेव्हा आमचे शाळामास्तर आठवडाभर जेवले नव्हते म्हणतात. नाण्यावरचे अक्षर बदलले म्हणून तेथे कोणी उपास केला असेल का?

१९९० नंतर पुन्हा शून्ये वाढू लागली. अ‍ॅल्युमिनियमचे पाच हजार लेईंचे नाणे निघाले, २००३ साली दहा लाखांची नोट आली आणि १ जुलै २००५ रोजी दहा हजार लेईंचा एक नवा लेउ करण्यात आला. आता तेथे १, ५, १० आणि ५० बानींची नाणी चालतात आणि खुद्द लेउ ही प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरची नोट आहे. रुमानिया २००७ साली युरोपीय संघात गेला, तरी त्याने युरो घेतलेला नाही. शेजारच्या बल्गेरियाचा ‘लेव्ह’ हाही त्याच डच सिंहाचा बच्चा; त्याने १ जानेवारी २०२६ रोजी युरोला जागा करून दिली. लेउ मात्र अजून आहे.

मी हिशेब करून पाहिला. काकांच्या तीन लेईंचे आजचे मोल काढले, तर तशी चौतीस नाणी एकत्र करावीत, तेव्हा कुठे एक बान होतो. आणि त्या रुपयात तोळ्याला थोडी कमी, साडेदहा ग्रॅमहून अधिक शुद्ध चांदी होती. आजीचा सराफ खरा ठरला.

काका शेवटपर्यंत म्हणत, की सौदा आपलाच चांगला झाला. आजीने त्यांना क्षमा केली की नाही, हे कळले नाही. पण त्या दिवाळीला रात्री उशिरा तिनेच ते नाणे ताटात ठेवले. दहा रुपये शेजारी शेजारी लावले, अकराव्या जागी ते ठेवले आणि त्याच्यावरही कुंकवाचे बोट टेकले. पुढे आई पूजा करू लागली. नाणी परत डब्यात ठेवताना ती मोठ्याने मोजत असे, आणि मोजणी नेहमी अकरावर संपे.