न झिजणाऱ्या पुस्तकाची झीज

वाचनालयातून पुस्तक घरी नेलं की कपाटात त्याची जागा रिकामी होते. मागाहून आलेल्या वाचकाला "बाहेर गेलंय, पुढच्या आठवड्यात बघा" असं ऐकून परत जावं लागतं. देवघेवीचा सगळा व्यवहार त्या रिकाम्या जागेवर चालतो. फाइलचं तसं नाही. विरारच्या माणसानं वसईतल्या मेहुण्याला एखादी पीडीएफ पाठवली तर ती मेहुण्याकडे पोचते आणि याच्याकडेही तशीच राहते. वाटता येते, पण परत घेता येत नाही. तरीही जगभरातली वाचनालयं ई-पुस्तकं घरी देतात आणि मुदत संपली की परतही घेतात. कशी?

कुलूप घालून. वाचकाच्या फोनवर उतरते ती कूटलिपीत बदललेली फाइल. ती उलगडणारी किल्ली वाचनालयाच्या ॲपकडे असते आणि त्या किल्लीवर तारीख असते. चौदा किंवा एकवीस दिवस झाले की किल्ली चालेनाशी होते. फाइल फोनमध्ये पडलेली असली तरी पान उघडत नाही. वाचनालयानं एकाच प्रतीचे पैसे भरले असतील तर एका वेळी एकाच वाचकाला किल्ली मिळते, बाकीचे प्रतीक्षा यादीत. एका क्षणात लाख प्रती काढू शकणारं यंत्र इथं "पुस्तक बाहेर गेलंय" असं सांगतं! कपाटातली रिकामी जागा माणसानं मुद्दाम, मेहनत करून संगणकात बनवली आहे.

याहून गमतीची गोष्ट २०११ सालची. अमेरिकेतल्या हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेनं वाचनालयांना कळवलं की आमचं ई-पुस्तक २६ वेळा दिलंत की संपलं, पुढे हवं असेल तर पुन्हा विकत घ्या. दोन आठवड्यांची एक खेप धरली तर २६ खेपांचं बरोबर एक वर्ष होतं. कागदी प्रत हाताळून झिजते, पानं सुटतात, शेवटी बाइंडरकडे जाते. ज्याला वाळवी लागत नाही की चहाचा डाग पडत नाही, त्या पुस्तकालाही कराराच्या कागदावर झिजायला लावलं. ग्रंथपाल भडकले, ते योग्यच होतं.

इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयानं दुसरी युक्ती काढली. कागदी प्रत आपल्या गोदामात बंद ठेवायची आणि तिचं स्कॅन एका वेळी एकालाच द्यायचं. प्रकाशक न्यायालयात गेले. मार्च २०२३ मध्ये अर्काइव्ह हरलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही हरलं.

आपल्याकडे काय? आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली एक कलम आलं. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाकडे एखाद्या पुस्तकाची कागदी प्रत असेल, तर जतनासाठी ते पुस्तक संगणकात साठवता येतं. जतनासाठी, असं कलम स्पष्ट म्हणतं. म्हणजे नालासोपाऱ्यातलं एखादं वाचनालय आपलं जीर्ण पुस्तक स्कॅन करून ठेवू शकेल, पण त्या कलमाच्या आधारे ते स्कॅन घरोघरी पाठवू शकणार नाही.

मग मोकळेपणानं पाठवता येण्यासारखं काय उरतं? इथं कॅलेंडर काढावं लागतं. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं झालं. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांची तारीख १ जानेवारी २०३०. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०६१. आज विरारच्या शाळेत चौथीत असलेलं पोर तेव्हा पंचेचाळिशीचं असेल.

तोवर फोनवर काहीच नाही असं मात्र समजू नका. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तकं आणि मराठी विश्वकोश फुकट वाचायला आहेत. २०२४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय ई-पुस्तकालय खास मुलांसाठी आहे, त्यात मराठीही आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय आहे. आणि वसईकरांसाठी खास मेवा म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे १८८२ साली छापलेले ठाणे जिल्ह्याचे खंड. इंग्रजीत आहेत, पण आगाशी, सोपारा, वसईचा किल्ला, सगळं त्यात आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटात खणून स्तूप उघडा केला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला आणि त्यात एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे, सोन्याचे करंडक. तो ठेवा आज कुठल्या वस्तुसंग्रहालयात नाही, तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, म्हणजे एका ग्रंथालयात आहे. टाउन हॉलच्या त्याच इमारतीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे १९५४ च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत यायला हवी. विरारहून चर्चगेट लोकल पकडली की पुढे चालण्याच्या अंतरावर!

पुस्तक मिळणं झालं. पण कोणतं घ्यावं?

यंत्राचं उत्तर मोजणीचं असतं. ज्यांनी 'अ' नेलं त्यांतल्या किती जणांनी 'ब'ही नेलं, हे मोजायचं आणि 'अ' नेणाऱ्यापुढे 'ब' ठेवायचं. त्यासाठी लाखो नोंदी लागतात आणि त्या नीट लागतात. आपल्या याद्यांत एकाच माणसाची नोंद कुठे 'पु. ल. देशपांडे', कुठे 'देशपांडे पु. ल.', तर कुठे रोमन लिपीत. यंत्राच्या लेखी ही तीन माणसं. मराठी पुस्तकांच्या बाबतीत ॲपच्या शिफारशी बावळट वाटतात, त्याचं एक कारण हे असावं.

मराठी वाचनालयात शिफारशीची पद्धत याहून जुनी आणि माझ्या मते जास्त हुशार आहे. काउंटरवर आजच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग बघा. सराईत वाचक कपाटांकडे जातच नाही, आधी तो ढीग उपसतो. कोणीतरी नुकतंच वाचून आणलंय, एवढी खात्री त्याला पुरते. मग पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. शिक्के दाटीवाटीनं पडले असतील तर पुस्तक चालतंय, शेवटचा शिक्का आठ वर्षांपूर्वीचा असेल तर जपून. आणि कोऱ्या पानावरचे पेन्सिलीतले शेरे: "छान", "शेवट पटला नाही", त्याखाली वेगळ्या अक्षरात "मला पटला". पुस्तक खराब केल्याबद्दल रागवावं हे खरं, पण हे शेरे न वाचता पुस्तक घरी नेणारा वाचक विरळाच.

या सगळ्यावर काउंटरमागचा माणूस. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन १९२४ साली लंडनला गेले असताना सेल्फ्रिजेसच्या दुकानात मेकॅनोचा संच बघून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी पद्धत सुचली, हे प्रसिद्ध आहे. पण १९३१ च्या त्यांच्या पाच सूत्रांतली दोन या माणसाच्या कामाबद्दल आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दुसरं अवघड. धूळ खात पडलेल्या पुस्तकाचा वाचक शोधायचा तर गावातली माणसं माहीत हवीत. आगाशीच्या बाईंना प्रवासवर्णनं लागतात आणि माणिकपूरच्या काकांना रहस्यकथा संपल्या की चरित्र चालतं, हे त्याच्या डोक्यात असतं. दिवाळी अंकांच्या योजनेत हे नीट दिसतं. वर्गणी एकदाच भरायची आणि दिवाळीनंतरचे काही महिने अंक बदलून न्यायचे. कोणता अंक कोणासाठी बाजूला ठेवायचा हे सेवकाला न सांगता कळतं.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर मिळून २००९ साली महापालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिथं बारा लाखांवर माणसं होती. एवढ्या वस्तीत तुमच्या घराजवळचं वाचनालय कदाचित तुम्हाला ठाऊकही नसेल. शोधा, अनामत आणि महिन्याची वर्गणी भरा आणि काउंटरवर विचारा, "सध्या काय चांगलं आलंय?" पुलंसाठी २०६१ पर्यंत थांबायची गरज नाही.