फक्त ३५ घोडे जास्त!

'फोर्ड व्हर्सेस फेरारी' पाहिलाय? मग त्यातला मस्टँगच्या लाँचचा सीन आठवा. फोर्डचे साहेब नव्या कोऱ्या गाडीभोवती खुशीत मिरवतायत आणि ख्रिश्चन बेलने रंगवलेला केन माइल्स तिथेच उभा राहून त्या गाडीची सालटी काढतोय. ही तर सेक्रेटरीने ऑफिसला न्यायची गाडी, असा त्याचा सूर. आपण सगळे हसतो आणि सिनेमा पुढे सरकतो.

गंमत पुढे आहे आणि ती सिनेमात नाही. पडद्याबाहेरच्या केन माइल्सने याच मस्टँगवर घाम गाळला, ट्रॅकवर पळवून पळवून तिला तयार केलं आणि तिची पहिली रेसही त्यानेच जिंकली. त्या गाडीचं नाव शेल्बी जीटी ३५०. क्लासिक मसल कार घ्यायची, ती उघडायची आणि तिच्यातून काहीतरी भन्नाट बनवायचं, या शौकाचे रील्स तुमच्या फीडवर येतच असतील. त्या शौकाचा पहिला धडा कुठे गिरवायचा असेल, तर तो इथे. (जाणकार मंडळी मस्टँगला 'पोनी कार' म्हणतात. त्या वादात आपण आज पडायला नको.)

दिसायला राजबिंडी, पण...

१७ एप्रिल १९६४ला मस्टँग बाजारात आली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्याच दिवशी २२ हजारांवर ऑर्डर्स, आणि दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत दहा लाख गाड्या. तरुणांना तर तिने वेडच लावलं. पण कातडी बाजूला केली तर आत होती फोर्डचीच साधीसुधी फॅमिली कार, फाल्कन. रेसिंगवाले तिच्याकडे ढुंकूनही बघेनात.

मस्टँगचा पाठीराखा, फोर्डचा बडा अधिकारी ली आयकोका याला हे खुपत होतं. गाडीला 'इज्जत' मिळवून द्यायची, तर ती ट्रॅकवरच मिळणार. काम सोपवलं कॅरोल शेल्बीकडे. हा टेक्सासचा गडी. कोंबड्या पाळायचा धंदा बुडाला, मग रेसिंगमध्ये उतरला आणि १९५९ची ल मान्सची २४ तासांची रेस जिंकला. हृदयाच्या दुखण्यामुळे १९६०मध्ये स्टिअरिंग सोडावं लागलं, तेव्हा त्याने गाड्या बनवायला घेतल्या. इंग्लंडमधल्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवून त्याने 'कोब्रा' केली होती. म्हणजे जुगाडात माणूस मुरलेला!

शंभर गाड्या, नाहीतर घरी बसा

अमेरिकेतल्या एससीसीए या रेसिंग संघटनेचे नियम कडक होते. 'स्पोर्ट्स कार' म्हणून उतरायचं तर गाडी दोन सीटची हवी, आणि १ जानेवारी १९६५पर्यंत अशा किमान १०० गाड्या तयार पाहिजेत. एक भारी गाडी बनवून भागणार नव्हतं. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करणाऱ्यांना हे टेन्शन वेगळं सांगायला नको.

दोन सीटचा प्रश्न शेल्बीने चुटकीसरशी सोडवला. मागची सीट काढून टाकली, तिथे फायबरग्लासचा कप्पा बसवला आणि वर स्टेपनी ठेवून दिली. दुसरा नियम जास्त अवघड होता. रेससाठी इंजिन किंवा सस्पेन्शन, यांपैकी एकातच फेरफार करायची मुभा. मग त्याने सस्पेन्शनचे बदल शोरूममध्ये विकायच्या गाडीतच करून टाकले. तीच झाली 'ओरिजिनल' गाडी. आता रेसला जाताना इंजिन उघडायला तो मोकळा! नियम न मोडता नियमातून वाट काढणं म्हणतात ते हेच.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या कारखान्यातून पांढऱ्या फास्टबॅक मस्टँग शेल्बीच्या व्हेनिसमधल्या शेडमध्ये आल्या. संघटनेचे लोक तपासायला आले, तेव्हा गाड्या रांगेत उभ्या होत्या. नावाचा किस्सा तर अजून भारी. नाव काय द्यायचं यावर बैठकांवर बैठका होत होत्या. वैतागून शेल्बीने शेजारची इमारत किती लांब आहे ते पावलांनी मोजायला लावलं. उत्तर आलं साधारण ३५० फूट. झालं, जीटी ३५०! गाडी चांगली असेल तर नावाने काही बिघडत नाही, असं त्याचं म्हणणं.

हुडखाली आणि हुडपलीकडे

आता मुद्द्याचं. घेतलेल्या मस्टँगमध्ये २८९ घनइंचाचं, म्हणजे ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. ताकद २७१ हॉर्सपॉवर. शेल्बीने त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा उंच इनटेक मॅनिफोल्ड चढवला आणि मिनिटाला ७१५ घनफूट हवा ओढू शकणारा हॉलीचा चार तोंडांचा कार्बोरेटर बसवला. एक्झॉस्टचे पाइपही बदलले. प्रत्येक बाजूच्या चार नळ्या आधी दोन-दोन जोडायच्या, मग त्या दोघींची एक करायची. धूर एकमेकांच्या वाटेत न येता झपाट्याने बाहेर. इंजिनाला 'श्वास' मोकळा मिळाला की ताकद वाढते, इतकं साधं तत्त्व. ताकद झाली ३०६.

वजाबाकी करा. फक्त ३५ घोडे जास्त! साधारण १३ टक्के. तेवढ्यात कुठली गाडी रेस जिंकते?

बाकीचा खेळ खाली होता. पुढच्या सस्पेन्शनचे वरचे आर्म जिथे बोल्टने बसतात, ती भोकं एक इंच खाली पाडली. बस, एक इंच. पण त्यामुळे वळणावर गाडी कलली तरी टायर रस्त्याला सपाट चिकटून राहू लागला. भूमिती शाळेत कशाला शिकवतात, याचं याहून चांगलं उत्तर नसेल. फोर्डचा इंजिनिअर क्लाउस आर्निंग याने मांडलेलं हे गणित आजही जुन्या मस्टँगवाले घरच्या गॅरेजमध्ये ड्रिल घेऊन अमलात आणतात. खर्च जवळजवळ शून्य.

मागची चाकं जीपला असतात तशा पाट्यांवर. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अ‍ॅक्सल पिळवटून चाकं थडथड उडायची. म्हणून गाडीच्या तळाला खाच पाडून लोखंडी बार घातले. कोनीचे शॉकअप आले. पुढे डिस्क ब्रेक, मागे रुंद ड्रम. पुढच्या दोन्ही शॉकटॉवरना इंजिनबेच्या भिंतीशी बांधणारी एक पोलादी पट्टी आली. ही पट्टी फोर्ड परदेशी पाठवायच्या मस्टँगमध्ये वापरायचं, म्हणून तिचं नावच 'एक्स्पोर्ट ब्रेस'. नाकावरचं वजन कमी करायला बॉनेट फायबरग्लासचं, आणि सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीची रवानगी थेट डिकीत.

किंमत झाली ४,५४७ डॉलर. साध्या मस्टँगच्या जवळपास दुप्पट. शिवाय आवाज, कडक क्लच आणि वळताना मागून येणारे डिफरन्शियलचे खाडखाड आवाज फुकट. १९६५मध्ये एकूण ५६२ गाड्या बनल्या. त्यातल्या जेमतेम तीन डझन पक्क्या रेसिंगच्या, 'आर' मॉडेलच्या.

चारही चाकं हवेत

१४ फेब्रुवारी १९६५. जग गुलाब देत होतं तेव्हा केन माइल्स टेक्सासमधल्या ग्रीन व्हॅली ट्रॅकवर 'आर' मॉडेल पळवत होता. एका उंचवट्यावरून गाडीची चारही चाकं हवेत गेली, तो फोटो नक्की शोधून बघा. ती रेस त्याने जिंकली. त्यानंतर १९६५, ६६ आणि ६७ अशी सलग तीन वर्षं एससीसीएच्या बी-प्रॉडक्शन गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद जीटी ३५०कडे राहिलं. सेक्रेटरीच्या गाडीने काम दाखवलं!

माइल्सला ही तिन्ही अजिंक्यपदं बघायला मिळाली नाहीत. ऑगस्ट १९६६मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड ट्रॅकवर फोर्डच्याच एका नव्या रेसिंग कारची चाचणी घेताना अपघातात तो गेला. त्यानंतर त्या डिझाइनमध्ये पोलादी रोल केज आला. आपण ज्याला 'सेफ्टी फीचर' म्हणून ब्रोशरमध्ये वाचतो, त्यामागे अनेकदा असं एखादं नाव असतं. त्याने चालवलेली पहिली 'आर' गाडी २०२०च्या लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरला गेली.

आज बनवायची तर?

अमेरिकेत आज हौशी लोक दोन वाटांनी जातात. पहिली वाट 'ट्रिब्यूट'. साधी फास्टबॅक घेऊन हुबेहूब जीटी ३५० करायची. ती ओरिजिनल म्हणून खपवली नाही तर यात काही गैर नाही. १९६५च्या खऱ्या शेल्बीचा नंबर 'एसएफएम५' या अक्षरांनी सुरू होतो आणि हौशी क्लबांच्या नोंदवहीत एकेका गाडीची कुंडली असते. दुसरी वाट 'रेस्टोमॉड'. रूप जुनं, आतडी नवी. फोर्डचं आजचं पाच लिटरचं 'कोयोटी' इंजिन अनेकांना हवं असतं. पण ते इतकं रुंद आहे की जुन्या मस्टँगचे शॉकटॉवर कापल्याशिवाय सहसा आत मावत नाही. ते कापले की पुढचं अख्खं सस्पेन्शन नवं आणावं लागतं. ताकद वाढली म्हणजे ब्रेक, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, रेडिएटर सगळंच बदलणं आलं. एक धागा ओढला की अख्खा स्वेटर उसवतो.

आणि आपल्याकडे? इथे जरा थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय. बुलेटच्या 'फटाका' सायलेन्सरवरून पोलिसांनी रोड रोलर फिरवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. खरं सांगा, त्या सायलेन्सरने बुलेट किती जोरात पळाली? फक्त शेजाऱ्यांची झोप पळाली.

हात काळे करायची खरी खुमखुमी असेल, तर कॉलेजच्या बाहा किंवा फॉर्म्युला टीमचं दार ठोठवा. तिथेही जाडजूड रूलबुक आहे, डेडलाइन आहे आणि बजेटची कायम बोंब आहे. बाहाच्या पेट्रोल गटात वर्षानुवर्षं सगळ्या टीम्सना एकसारखंच १० हॉर्सपॉवरचं इंजिन मिळत आलंय. मग फरक कुठे पडतो? वजनात, वेल्डिंगमध्ये, सस्पेन्शनच्या भूमितीत. शेल्बीच्या शेडमध्ये पडला होता तिथेच.

तेव्हा पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी आपल्या गाडीच्या हॉर्सपॉवरच्या बाता मारायला लागला, की त्याला शांतपणे विचारा, "ते ठीक आहे रे, पण वळते कशी? आणि थांबते कशी?"