टाकीवरचा बिल्ला काय सांगतो?

दोस्तांनो, मनमाड म्हटलं की काय आठवतं? जंक्शन! एक रूळ मुंबईकडे, एक भुसावळकडे, एक दौंडकडे आणि एक छत्रपती संभाजीनगरमार्गे थेट सिकंदराबादकडे. पण या गावाची आणखी एक ओळख आहे. रेल्वेच्या पुलांसाठी लागणारे पोलादी गर्डर बनवणारा कारखाना इथे १९०६ सालापासून आहे. लोखंडाशी या गावाचं नातं जुनं आहे, आणि लोखंडाशी नातं म्हणजे रंगाशीही नातं आलंच. उघड्या लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की ते गंजतं. म्हणून आधी प्रायमर, मग त्यावर वरचा रंग. रंग म्हणजे लोखंडाचा रेनकोटच म्हणा ना!

आज मात्र आपण गर्डरच्या रंगाबद्दल बोलणार नाही. आपण बोलणार आहोत तळहाताएवढ्या रंगाबद्दल. जुन्या मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर दोन्ही बाजूंना कंपनीच्या नावाचा बिल्ला असतो ना, त्याच्या रंगाबद्दल. स्पेअरपार्टच्या दुकानात त्याला ‘मोनोग्राम’ म्हणतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? जुना झाला तर नवा आणायचा, नाहीतर पेंटरकाकांकडून रंगवून घ्यायचा! थांबा. आधी त्याची गोष्ट ऐका, मग ठरवा.

बंदुकांच्या कारखान्यातून मोटरसायकल

एके काळी इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम शहर आणि त्याच्या आसपासचा भाग म्हणजे मोटरसायकलींचं माहेरघर होतं. बीएसए, नॉर्टन, एरियल बर्मिंगहॅमच्या. ट्रायम्फ शेजारच्या कॉव्हेंट्रीची. रॉयल एनफिल्ड जवळच्याच रेडिच गावची. बीएसए म्हणजे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’. ही कंपनी १८६१ साली बंदुका बनवायला सुरू झाली. म्हणून तिच्या जुन्या चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली दिसतात. पाहिलंत? एका छोट्याशा चित्रात कंपनीचा जन्मदाखलाच!

या गाड्या आपल्याकडे कशा आल्या? काही इंग्रजांच्या काळातच जहाजानं आल्या. काही लष्करासाठी आल्या आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर विकल्या गेल्या. बीएसएचं ‘एम २०’ नावाचं एकच लष्करी मॉडेल त्या युद्धात सव्वा लाखाच्या आसपास बनलं होतं! मनमाडच्या एका बाजूला देवळाली आणि दुसऱ्या बाजूला अहिल्यानगर (जुनं नाव अहमदनगर), या दोन्ही जुन्या लष्करी छावण्या. पुढे १९५५ साली मद्रासला ‘एनफिल्ड इंडिया’ सुरू झाली आणि बुलेट आपल्याकडेच बनू लागली. गंमत म्हणजे इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण मद्रासची बुलेट धडधडतच राहिली. तिच्या टाकीवर पुष्कळ वर्षं नुसतंच ‘एनफिल्ड’ असे. ‘रॉयल’ हा शब्द १९९० च्या दशकात परत आला. म्हणजे टाकीवरच्या नावावरूनही गाडीच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

बिल्ले चार प्रकारचे

पहिला प्रकार : ट्रान्सफर. हा खरं तर बिल्ला नव्हेच, ते चित्र असतं. कागदावर छापलेलं नाव टाकीवर उतरवायचं, कागद काढून घ्यायचा आणि वरून वार्निशचा पातळ हात द्यायचा. जुन्या काळ्या टाक्यांवरची सोनेरी अक्षरं बहुतेक अशीच आलेली असतात.

दुसरा प्रकार : काचेचा रंग. पितळेच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर खोलगट नक्षी काढायची, खोलगट भागात रंगीत काचेची पूड भरायची आणि भट्टीत तापवायची. साधारण आठशे अंश सेल्सिअसला ती पूड वितळून धातूला घट्ट बसते. आपल्याकडे दागिन्यांवर मीनाकाम करतात, अगदी तेच! हा रंग वर्षानुवर्षं उन्हात राहिला तरी फिका पडत नाही. पण ठोका बसला की काचेसारखा टवका उडतो.

तिसरा प्रकार : ओतीव धातू. जस्ताच्या मिश्रधातूचा रस साच्यात ओतून बिल्ला करायचा, त्यावर क्रोमचा चकचकीत मुलामा द्यायचा आणि खोलगट जागा रंगानं भरायच्या. ट्रायम्फच्या अशा बिल्ल्यांना शौकिनांनी टोपणनावंही ठेवली आहेत. १९५७ सालचा जाळीदार बिल्ला म्हणजे ‘माउथ ऑर्गन’, १९६६ सालचा ‘भुवई’, तर १९६९ सालचा ‘फोटोफ्रेम’!

चौथा प्रकार : पारदर्शक प्लॅस्टिक. १९५० च्या दशकातल्या बऱ्याच बीएसए गाड्यांवर गोल बिल्ला असे. त्याची युक्ती मोठी झकास. रंग पुढून नव्हे, मागून दिलेला! त्यामुळे पुढून पुसलं, घासलं तरी रंगाला धक्का लागत नाही, आणि अक्षरं काचेच्या आत बसवल्यासारखी चमकतात.

हेरगिरी करू या!

आता खरी मजा. जुना रंग हा साक्षीदार असतो. त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत.

भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं की त्याखाली भिंतीचा रंग कसा ताजातवाना दिसतो! टाकीचंही तसंच. ऊन लागतं तिथला रंग विटतो. बिल्ल्याच्या आणि गुडघे टेकायच्या रबराच्या खाली मात्र ऊन पोचत नाही. म्हणून गाडीचा मूळ रंग शोधायचा असेल तर जाणकार आधी तिथे पाहतात.

दुसरी खूण पापुद्र्यांची. टाकीचा टवका उडाला असेल तर त्याच्या कडेवर भिंग धरा. कांद्याच्या पातीसारखे एकाखाली एक थर दिसतील. समजा, वर लाल आहे, त्याखाली काळा, आणि त्याच्याही खाली मळकट हिरवा किंवा खाकी. मग काय ओळखाल? ही गाडी कदाचित लष्करातून आलेली आहे! मालकानं विकत घेतल्यावर काळी केली, पुढच्यानं हौसेनं लाल. तीन थर, तीन मालक. कागदपत्रं हरवली तरी रंग बोलतो.

तिसरी खूण लोहचुंबकाची. जुने बिल्ले पितळेचे, जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे असतील तर चुंबक त्यांना बहुधा घट्ट चिकटत नाही. चटकन चिकटला तर आत साधा लोखंडी पत्रा असण्याचा संभव जास्त.

मग नवा रंग द्यायचा की नाही?

इथे मात्र खरा पेच आहे. घरातली जुनी गाडी काढली की पहिला विचार येतो तो चकाचक करण्याचा. पॉलिश पेपर घ्यायचा, घासघास घासायचं, लांबी भरायची आणि स्प्रे मारायचा. चार दिवसांत गाडी नवीकोरी! दिसायला छान, पण त्या चार दिवसांत सत्तर वर्षांची साक्ष धुळीत जाते. गाडी पुन्हा रंगवता येते, हवी तितक्या वेळा. कारखान्यातून आलेला रंग मात्र एकदाच मिळतो.

दुसरी बाजूही ऐका हं. पत्रा गंजून भोकं पडायला लागली असतील तर नुसतं जपून काय उपयोग? टाकीत पेट्रोल असतं, गळकी टाकी म्हणजे धोका. तेव्हा दुरुस्ती करावीच लागते. पण बिल्ल्यातून पेट्रोल गळत नाही! त्याला घाई नसते. नवा बिल्ला बसवायचाच असेल तर जुना भंगारात देऊ नका. कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. आणि गाडीला हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

साफ करायचं झालं तर मऊ कापड आणि साबणाचं सौम्य पाणी पुरे. थिनर किंवा पेट्रोल नको. थिनरनं जुना रंग विरघळतो आणि पारदर्शक प्लॅस्टिकवर बारीक भेगा पडतात.

आणखी एक महत्त्वाची सूचना, ही विसरू नका. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या आणि शेंदरी रंगांत, शिसं असू शकतं. घासल्यावर उडणारी धूळ पोटात किंवा छातीत गेली तर ती लहान मुलांच्या मेंदूला फार अपायकारक असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. जुन्या रंगांना ती कुठली असायला? म्हणून जुना रंग तुम्ही स्वतः कधीही घासू नका. बघा, मोजा, लिहा, फोटो काढा, आणि नंतर हात धुवा.

करून पाहा

वहीच्या जुन्या फाइलचं पारदर्शक कव्हर घ्या. त्यावर आपलं नाव उलटं, म्हणजे आरशात दिसतं तसं, पांढऱ्या रंगानं काढा. पूर्ण वाळू द्या. मग त्यावरच सगळीकडे लाल रंगाचा हात फिरवा. वाळल्यावर कव्हर उलटं करा. लाल जमिनीवर तुमचं नाव सुलटं चमकेल! पण लाल रंग आधी दिला असता तर? नाव लालच्या मागे दडलं असतं. बीएसएच्या बिल्ल्याची युक्ती हीच. इथे सगळ्यात वरचं दिसायला हवं ते सगळ्यात आधी रंगवावं लागतं.

मग येत्या रविवारी एक काम करा. घरात, वाड्यात, गल्लीतल्या गॅरेजमध्ये एखादी जुनी गाडी उभी असेल. मालकांना विचारून तिच्या बिल्ल्याकडे नीट पाहा. कुठल्या प्रकारचा आहे? रंग पुढून आहे की मागून? कडेला किती थर दिसतात? वहीत टिपून ठेवा. आणि मालक म्हणाले, ‘उद्या रंगवायला टाकतोय,’ तर त्यांना एवढंच विचारा, ‘काका, त्याआधी बिल्ल्याखालचा रंग बघायचा का?’