उभे असलेले इंजिन पुन्हा चालवायचे तर

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना वाटेत चितेगाव लागते. गावाला रेल्वे नाही. परिसरात कारखाने आहेत, त्यामुळे ‘बॉयलर’ हा शब्द येथील मुलांच्या कानांवरून गेलेला असतो; पण वाफेचे इंजिन त्यांनी पाहिलेले असते ते चित्रातच. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मार्गावर त्यांच्या आजोबांच्या पिढीने अशी इंजिने रोज पाहिली. हा मार्ग निजामाच्या काळात मीटर गेजचा म्हणून बांधला गेला, तो पुढे रुंद झाला, आणि वाफेची इंजिने तर त्याआधीच जाऊ लागली होती. सहलीत एखाद्या स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे असलेले काळे इंजिन दिसले की मुले एकच प्रश्न विचारतात : हे आता चालेल का?

प्रश्न साधा आहे. उत्तर तितके साधे नाही.

आपल्या राज्यातले उत्तम उदाहरण माथेरानचे. नेरळ ते माथेरान ही सुमारे २० किलोमीटरची, दोन फूट रुंदीची रेल्वे १९०७ साली सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधून घेतली. चढ काही ठिकाणी २० मीटरला एक मीटर इतका, आणि वळणे तर डोंगराच्या अंगाला चिकटून जाणारी. सल्लागार होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, बार्शी लाइट रेल्वेचे जनक. त्यांनी या मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची चार इंजिने निवडली. त्यांची युक्ती अशी की पुढची व मागची चाके पोकळ आसावर बसवलेली; आतला आस चौकटीला धरून राहतो आणि बाहेरचा पोकळ आस वळणाप्रमाणे थोडा तिरका होतो. त्यामुळे सहा चाकांचे इंजिनही तीव्र वळण घेऊ शकते. १९५०च्या दशकात डिझेल इंजिने आली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस या जुन्या इंजिनांनी विश्रांती घेतली. पुढे दार्जिलिंगचे ७९४ क्रमांकाचे इंजिन नेरळला आणले गेले, कारण प्रवाशांना धूर आणि शिट्टी हवीच होती. अलीकडे डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा पोशाख चढवण्याचाही मार्ग निघाला आहे. आमच्या मते तो चालवायला सोपा असला तरी शिकवायला निरुपयोगी आहे.

चौथऱ्यावरच्या इंजिनाचे रंगकाम दरवर्षी होत असेल, चाके फिरतही असतील. त्याने काहीच सिद्ध होत नाही. खरा प्रश्न बॉयलरचा असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

इंजिनाच्या मागच्या बाजूस भट्टीची पेटी असते. तिच्यात कोळसा जळतो. ज्वाळा हजार अंशांच्या वर जातात. तिथून गरम वायू अनेक नळ्यांतून पुढे चिमणीकडे जातात. पेटी आणि नळ्या दोन्ही पाण्यात बुडालेल्या असतात. वापरून झालेली वाफ चिमणीत सोडतात, ती सोबत वायू ओढून नेते आणि भट्टीला वारा मिळतो. इंजिन जितके जोराने काम करते तितकी भट्टी आपोआप अधिक पेटते. ही सुंदर योजना आहे. तरीसुद्धा कोळशातील उष्णतेचा दहावा भागही चाकांपर्यंत पोहोचत नाही, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

आता दाबाचे गणित करू. समजा, बॉयलरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला १० किलोग्रॅम इतका दाब आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर मग किती भार येईल? चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटीमीटर, म्हणजे १ लाख किलोग्रॅम, म्हणजे १०० टन. भट्टीचा सपाट पत्रा एवढा भार एकटा पेलूच शकत नाही. म्हणून आतला पत्रा व बाहेरचा पत्रा शेकडो आडव्या-उभ्या दांड्यांनी एकमेकांना जखडलेला असतो. कारागीर त्यांना ‘स्टे’ म्हणतात. दोन दांड्यांमध्ये १० सेंटीमीटर अंतर धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला १ टन येतो. एक तुटला तर त्याचा टन शेजाऱ्यांवर पडतो, मग त्यांच्यातला एखादा तुटतो. यासाठी अनेक दांड्यांत बाहेरच्या टोकाकडून एक बारीक भोक पाडून ठेवतात. दांडा आत तडकला की त्या भोकातून पाणी झिरपू लागते आणि तो स्वतःच आपली तक्रार सांगतो.

इंजिन दुरुस्तीला घेतले की पहिले काम सगळ्या नळ्या काढण्याचे. मग आतला गंज खरवडतात, पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी ठिकठिकाणी मोजतात, सडलेला भाग कापून नवा बसवतात, दांडे बदलतात. चाळीस वर्षे पावसात उभ्या असलेल्या इंजिनात हे काम कुठे थांबेल ते आधी सांगता येत नाही. खर्चाचा अंदाज चुकतो तो इथेच.

नंतर चाचणी. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून त्यात पंपाने कामाच्या दाबाच्या सव्वापट ते दीडपट दाब देतात. वाफ किंवा हवा का नाही वापरत? पाणी जवळपास दाबले जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फार साठत नाही. पत्रा फाटला तर चिरकांडी उडेल, दाब क्षणात उतरेल, बस. तापलेल्या पाण्याचे तसे नाही. १० किलोग्रॅम दाबाखाली पाणी १८४ अंशांच्या आसपास उकळते. बॉयलर फुटला तर हे पाणी एकदम मोकळ्या हवेत येते, आणि त्याचा सुमारे सहावा भाग तत्क्षणी वाफ होतो. एक टन पाण्यातून अंदाजे १६० किलोग्रॅम वाफ, तीही २७० घनमीटर जागा व्यापणारी. आपला वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असेल तर दीड वर्गाहून अधिक. बॉयलरमध्ये एक टनापेक्षा पाणी बरेच जास्त असू शकते.

हे केवळ जुन्या काळातले भय नाही. १६ जून १९९५ रोजी अमेरिकेत गेटिसबर्गच्या पर्यटक रेल्वेवर १२७८ क्रमांकाच्या इंजिनाच्या भट्टीचे छत फाटले आणि तीन कर्मचारी भाजले. चौकशीत आढळले की बॉयलरमध्ये पाणी कमी पडले होते, छत उघडे पडून तापले होते. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीचे मार्ग क्षारांनी चोंदले होते. म्हणजे काच पाणी दाखवत होती, पाणी तेवढे नव्हते. तरी या इंजिनाच्या छतातील काही दांडे अधिक पक्के बसवलेले होते, त्यामुळे छत पूर्ण उडाले नाही आणि जीवितहानी टळली. अपघातानंतर त्या देशाने नियम अधिक कडक केले.

पाणी नसताना पत्रा का तापतो, हे वर्गात दाखवता येते. जाड कागदाचा द्रोण करा, त्यात पाणी भरा आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरा. पाणी तापत जाते, द्रोण जळत नाही, कारण कागदाला मिळणारी उष्णता पाणी ओढून घेते. रिकामा द्रोण मात्र लगेच पेटतो. (प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, शेजारी बादली ठेवावी.) भट्टीच्या छताचेही तसेच. वर पाणी असेल तोवर पोलाद सुरक्षित, पाणी उतरले की काही मिनिटांत ते लाल व मऊ होते. शिशाची वितळणारी बूच छतात बसवलेली असते. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि वाफेचा झोत भट्टीत सुटून फायरमनला सावध करतो.

घाटात यात आणखी एक खुबी आहे. २० मीटरला एक मीटर चढावर इंजिन तिरके होते. भट्टीचे छत दोन मीटर लांब असेल तर त्याच्या एका टोकाजवळची पाण्याची उंची दुसऱ्या टोकापेक्षा १० सेंटीमीटरने वेगळी असते. इंजिनाचे तोंड चढाकडे असेल तर पाणी मागे भट्टीकडे येते. तेच इंजिन तोंड उताराकडे करून उतरले तर पाणी चिमणीकडे पळते आणि छत उघडे पडण्याची भीती. म्हणून सपाट रस्त्यावर पुरेसे असलेले पाणी घाटात अपुरे ठरू शकते, आणि डोंगरी मार्गावरच्या फायरमनला पुढे येणारा चढ व उतार पाठ असावा लागतो.

क्षारांचा विषय मराठवाड्यातल्या शिक्षकांना शिकवावा लागत नाही. इथले बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड. घागरीच्या तळाशी पांढरा थर बसतो. तो थर उष्णता पोलादापेक्षा कितीतरी कमी वाहून नेतो. बॉयलरच्या पत्र्यावर तो बसला की ज्वाळेची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि पत्रा आतल्या आत तापतो. म्हणून चालत्या इंजिनाचे पाणी मृदू करावे लागते व बॉयलर ठरावीक काळाने आतून धुवावा लागतो. कारखान्यातल्या बॉयलरला हेच नियम लागू. १९२३च्या बॉयलर कायद्यातून रेल्वेच्या ताब्यातले इंजिन-बॉयलर वगळले होते, पण ते अशासाठी की रेल्वेकडे स्वतःची तपासणी व्यवस्था होती. ती व्यवस्था माणसांच्या डोक्यात आणि हातांत होती. भारतात वाफेच्या इंजिनांचे उत्पादन १९७२ साली थांबले, रुंद मार्गावरची नियमित वाहतूक १९९५ साली संपली. विदर्भातल्या शकुंतला रेल्वेचे मँचेस्टरमध्ये बनलेले इंजिनही १९९४ साली निवृत्त झाले. नळीचे टोक साच्याने फुगवून भोकात पक्के बसवणे, रिव्हेट ठोकणे, पाण्याच्या आवाजावरून पातळी ताडणे, हे करणारे हात कमी होत गेले.

तरी काही ठिकाणी ते टिकले. १८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये संग्रहालयातून बाहेर काढून दिल्ली–अलवर मार्गावर धावले. निलगिरी रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने एकविसाव्या शतकात नवीन वाफेची इंजिने बांधली, आधी तेलावर चालणारी आणि मग २०२१ मध्ये कोळशावर चालणारी. ज्यांनी नवे इंजिन बांधले तेच जुने दुरुस्त करू शकतात. निलगिरीच्या उदाहरणाचे महत्त्व आम्हांला यातच वाटते.

चौथऱ्यावरचे किंवा नागपूरच्या नॅरो गेज संग्रहालयातले इंजिन दाखवायला मुलांना नेलेत तर रंग आणि शिट्टी झाल्यावर भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याकडे नेऊन उभे करा. रांगेने दिसणारी गोल टोके मोजायला सांगा, दोन टोकांमधले अंतर पट्टीने मोजा आणि एका दांड्यावर किती भार येत असेल ते तिथेच काढा. काही टोकांच्या मध्यभागी बारीक भोक दिसले तर ते कशासाठी, हा प्रश्न आधी मुलांना विचारा.