नेल्सनचा डोळा आणि आपला काणाडोळा

इंग्रजी वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना ‘टर्न अ ब्लाइंड आय’ हा वाक्प्रचार वारंवार भेटतो. शब्दशः पाहिले तर ‘आंधळा डोळा वळविणे’. पण असे भाषांतर केल्यास मराठी वाचक बुचकळ्यात पडेल. वस्तुतः आपल्याकडे याला अगदी जुळणारा शब्द आहे, तो म्हणजे काणाडोळा. पुष्कळ लोक तो ‘कानाडोळा’ असा लिहितात, आणि मग त्यात कान कोठून आला याचे कोडे पडते. कानाचा येथे काही संबंध नाही. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. न दिसणारा डोळा तेवढा समोर करावयाचा, ही कल्पना दोन्ही भाषांना सारखीच सुचली आहे.

इंग्रजी वाक्प्रचाराशी एक प्रसिद्ध कथा जोडलेली आहे. आरमारी सेनानी होरेशियो नेल्सन याचा उजवा डोळा 1794 साली कॉर्सिका बेटावरील काल्वीच्या वेढ्यात जायबंदी झाला. तोफगोळ्याने उडालेले खडीचे कण लागून त्याची दृष्टी जवळजवळ गेली. पुढे 2 एप्रिल 1801 रोजी कोपनहेगनपुढे इंग्रज व डेन यांची लढाई जुंपली. सरसेनापती सर हाइड पार्कर हा मोठी जहाजे घेऊन दूर थांबला होता. उथळ पाण्यात शिरून प्रत्यक्ष लढत होता तो नेल्सन. त्याची काही जहाजे वाळूत रुतली, डेनांचा मारा जोराचा होता. दुपारी पार्करने लढाई थांबविण्याची निशाणी चढविली. तेव्हा नेल्सनने, मला एकच डोळा आहे, कधीमधी आंधळे होण्याचा हक्क मला आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले, दुर्बीण अधू डोळ्याला लावली आणि निशाणी दिसत नाही असे सांगितले. लढाई चालू राहिली. अखेर डेनांशी तहाची बोलणी झाली.

दुर्बिणीचा तपशील मागाहून जोडला गेला असावा, असे काही इतिहासकार मानतात. शिवाय हा वाक्प्रचार नेल्सनपूर्वीही इंग्रजीत होता. तेव्हा कथेने त्याला जन्म दिला नाही, प्रसिद्धी मात्र दिली, एवढेच म्हणणे रास्त होईल. कथेला आणखी एक बाजू आहे. कॅप्टन राय्यू याने तीच निशाणी पाहिली, आज्ञा पाळून आपली लहान जहाजे मागे वळविली, आणि वळत असतानाच तो तोफगोळ्याने ठार झाला.

आता अर्थ नीट पाहू. हा शब्दप्रयोग यथार्थ होण्यास तीन गोष्टी लागतात. गोष्ट दिसलेली असली पाहिजे; तिच्याबाबत काही करण्याचा अधिकार किंवा कर्तव्य पाहणाऱ्याकडे असले पाहिजे; आणि न पाहण्याचे त्याने जाणूनबुजून ठरविले पाहिजे. यांपैकी एक जरी नसली तरी शब्द चुकतो. ज्याला ठाऊकच नव्हते तो अज्ञानी; ज्याच्या लक्षातून गोष्ट निसटली त्याचे दुर्लक्ष. काणाडोळा करणारा या दोघांहून निराळा. त्याने पाहिलेले असते. म्हणूनच इंग्रजी कायद्यातही, सत्य कळू नये म्हणून मुद्दाम डोळे मिटणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब सहसा उपयोगी पडत नाही.

प्रत्येक काणाडोळा निंद्यच असतो असेही नाही. वर्गात पाच मिनिटे उशिरा आलेल्या मुलाकडे मास्तर पाहत नाहीत, नातवाने डब्यातला लाडू उचलला तर आजीला दिसत नाही. याला आपण समजूतदारपणा म्हणतो. नेल्सनचा काणाडोळा तर धाडसाचा होता. लढाई हरली असती तर आज्ञाभंगाचा जाब त्यालाच द्यावा लागला असता. जोखीम त्याने स्वतःच्या शिरावर घेतली होती.

आज हा वाक्प्रचार बहुधा दोषारोपासाठी वापरला जातो, त्याचे कारण येथे सापडते. ओढ्याच्या पात्रात भराव पडताना अंमलदार पाहतो आणि पुढे जातो. दुधात पाणी मिसळलेले निरीक्षकाला कळते आणि तो वही मिटतो. शेजारच्या घरात सुनेचा छळ होतो, भिंतीपलीकडे सारे ऐकू येते, आणि आळी गप्प राहते. या ठिकाणी न पाहणाऱ्याची सोय होते आणि जोखीम दुसऱ्याच्या शिरावर पडते. तेव्हा कोणाचा काणाडोळा क्षम्य आणि कोणाचा नाही हे ठरविताना एकच प्रश्न विचारावा: न पाहिल्याची किंमत कोण भरणार? नेल्सन ती स्वतः भरण्यास तयार होता. ओढा तुंबल्यावर मात्र पाणी शिरते ते खालच्या वस्तीत.

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे आपण म्हणतो. काणाडोळ्याचेही तसेच आहे. त्याच्यावर चष्म्याचा उपाय चालत नाही. ‘तुम्ही हे पाहिले आहे’ असे चारचौघांत सांगणारा माणूस लागतो.