विमानाच्या पोटातला हापूस

प्रवासी विमानात आपल्या पायांखालीच मालाची जागा असते, आणि अमेरिकेला जाणारी आंब्याची पेटीही तिथं बॅगांच्या शेजारी बसून जाऊ शकते. त्याआधी फळातल्या किडीसाठी वाशी किंवा लासलगावसारख्या केंद्रात किरणोत्सर्गाची प्रक्रिया होते. अमेरिकेनं 2007 मध्ये याच अटीवर आपला आंबा घ्यायला सुरुवात केली.

भाडं ठरतं ते वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 6000 नं भागायचं. 60×50×40 चा खोका आत 8 किलोचाच असला, तरी पैसे 20 किलोचे. म्हणून खोक्यातली रिकामी जागा निर्यातदाराला फार महाग पडते.

मोठ्या विमानासाठी खोके ॲल्युमिनियमच्या पॅलेटवर रचतात, वर प्लास्टिक आणि जाळी आवळतात. पॅलेट साधारण 318×244 सेंटिमीटरचं. विमानाचं पोट गोल, त्यामुळे काही रचनांत कडेचे थर त्या गोलाईप्रमाणे घ्यावे लागतात. मग प्रत्येक पॅलेटचं वजन करून त्याची जागा ठरते, कारण विमानाचा तोल त्यावर असतो. बोइंग 737 मध्ये मात्र खोके हातानंच लावतात.

आंब्याला खरा धोका जमिनीवर. मे महिन्याच्या उन्हात पॅलेट विमानाजवळ ताटकळलं, की शीतगृहातली सगळी काळजी वाया जाते. इथं सावली आणि वेळ पाळणारे कामगार फार मोलाचे आहेत.

आंबा प्रवासी विमानाच्या पोटातून जातो, पण सगळाच माल तिथं चालत नाही: नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्यांची खेप 2016 पासून प्रवासी विमानात घेत नाहीत.